नागपूरच्या मे महिन्यात घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुता येतो का?

गोकुळपेठी (४ मे, रात्री १०:५०)

मंडळी, मदत पाहिजे.

मागच्या दिवाळीत मामाकडे माळा आवरताना एक जुना झेनिट कॅमेरा निघाला. लाइट मीटर मेलेलं, लेन्समध्ये बुरशीचा एक छोटासा कोळी, पण शटर ठणठणीत. मामा म्हणाला, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. आणला. तेव्हापासून एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे चार रोल काढून झालेत आणि चारही फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात बसून आहेत. आपणच धुवायचे असं मनात होतं. त्यासाठी टँक घेतला, आयडी-११ डेव्हलपरची पावडर घेतली, चित्र पक्कं करणारा फिक्सर घेतला, थर्मामीटर घेतला. मग वाचायला बसले, तर जिथे तिथे एकच आकडा: २० अंश.

आज दुपारी नळाखाली थर्मामीटर धरलं. ३९. आत्ता रात्री परत धरलं. ३४. घरात एसी नाही, कूलर आहे. डार्करूम म्हणाल तर चार बाय सहाची बाथरूम, तिच्या झरोक्याला काळा पुठ्ठा.

प्रश्न दोनच. बर्फ घालून जमतं का, की सरळ डिसेंबरपर्यंत थांबायचं? आणि याआधी कधीच रोल न धुतलेल्या माणसाने मे महिन्यात सुरुवात करणं हा शुद्ध वेडेपणा आहे का?

तर्री_पोहे (४ मे, रात्री ११:०२)

३९ अंशात रोल धुवत नाहीत ताई, शिजवतात. वरून तर्री घ्या.

अंबाझरीचा_बगळा (४ मे, रात्री ११:३०)

मी तर थांबा म्हणेन. डिसेंबरात आपल्याकडे टाकीचं पाणी सकाळी आपोआप १७-१८ वर असतं. तेव्हा थोडं गरम पाणी मिसळलं की काम झालं. गार पाणी कोमट करणं सोपं, गरम पाणी गार ठेवणं कठीण. त्यात पहिल्या रोलला अंधारात हात थरथरतात. घाम, डास, कूलरचा आवाज, सगळं एकाच वेळी कशाला अंगावर घेता? एक्सपोज झालेला रोल फ्रिजमध्ये सहा-आठ महिने आरामात टिकतो. फक्त डबीचं झाकण घट्ट ठेवा आणि बाहेर काढल्यावर दोन तास उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरेल.

सदाशिव_पुणेकर (५ मे, सकाळी ८:१५)

हा खटाटोप कशासाठी ते कळलं नाही. फोनमध्ये मोनोक्रोमचं बटण असतं.

गोकुळपेठी (५ मे, सकाळी ८:४०)

@सदाशिव_पुणेकर, माझ्या फोनमध्ये आमटीचा फोटोही असतो, तरी मी आमटी करते.

@बगळा, तुमचं पटतंय. पण थांबायचं म्हटलं तर सात महिने, आणि तोवर माझा उत्साह मरतो. मी स्वतःला ओळखते.

रसायनी (५ मे, दुपारी १:२०)

२० अंश ही काही देवाज्ञा नाही. ज्या थंड देशांत ही रसायनं बनली तिथल्या खोलीचं ते तापमान. मुद्दा असा की डेव्हलपिंग ही रासायनिक क्रिया आहे आणि उष्णता वाढली की ती वेगाने होते. त्यामुळे अंश वाढला की वेळ कमी करायची. एचपी५ ला आयडी-११ अर्धं पाणी घालून, म्हणजे १+१ वापरलं तर २० अंशाला १३ मिनिटं लागतात. २४ ला तेच काम साधारण ९ मिनिटांत होतं. पाणी न घालता वापरलं तर २० ला साडेसात, २४ ला पाचच्या जरा वर, आणि तिथून पुढे गडबड. पाच मिनिटांच्या आत वेळ गेली की डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचायच्या आत काम संपतं आणि फोटोतल्या आकाशात पट्टे येतात. म्हणून उन्हाळ्यात १+१ च वापरायचं, वेळ हाताशी राहतो.

दुसरी गोष्ट जिलेटिनची. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. गरम पाण्यात तो फुगतो, मऊ होतो, नख लागलं तरी ओरखडा. आणि डेव्हलपर २४, फिक्सर ३५, धुवायचं पाणी पुन्हा २० असे हेलकावे दिले तर थर आकसून त्यावर चिखल वाळल्यावर पडतात तशा बारीक भेगा पडतात. आजच्या फिल्मा त्या मानाने दणकट आहेत, पण परीक्षा कशाला घ्यायची? तेव्हा २० च्या मागे धावू नका. २४ धरा, पण सगळ्या बाटल्या २४ च्या आसपास ठेवा. एकट्या डेव्हलपरचं तापमान सांभाळून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडणं ही सगळ्यांची पहिली चूक.

बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. वितळून किती पाणी वाढलं याचा हिशेब राहत नाही.

तर्री_पोहे (५ मे, दुपारी १:४५)

मग गार कसं करायचं ते पण सांगून टाका न भाऊ. परीक्षेत अर्धं उत्तर लिहिल्यासारखं करून राहिले.

रसायनी (५ मे, दुपारी २:०५)

१+१ चा खरा फायदा तिथेच आहे. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलला टँकमध्ये ३०० मिली लागतं. त्यात १५० मिली डेव्हलपर, १५० मिली पाणी. डेव्हलपर खोलीतला, समजा ३४ अंश. पाणी फ्रिजमधलं, १४ अंश. दोन्ही सारखेच, म्हणून मधला आकडा: २४. शाळेचं गणित. पातेलं थोडी उष्णता देईल, म्हणून मिसळून थर्मामीटर बघायचं आणि मगच टँकमध्ये ओतायचं. नंतर टँक गार पाण्याच्या टबात उभा ठेवायचा, म्हणजे नऊ मिनिटांत तो परत चढणार नाही.

माळ्यावरची_ट्रंक (५ मे, रात्री ९:१०)

थोडं विषयांतर. घरी धुवायचा कंटाळा म्हणून मी माझा पहिला ट्राय-एक्सचा, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटचा, रोल इथल्याच एका कलर लॅबमध्ये दिला होता. काउंटरवरच्या पोराने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तीन दिवसांनी रोल परत आला तो काचेसारखा स्वच्छ. छत्तीसच्या छत्तीस फोटो गायब. कलरच्या प्रक्रियेत शेवटी सगळी चांदी ब्लीच करून काढून टाकतात आणि फक्त रंग उरतो, हे मला तेव्हा कुठे माहीत? ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्र म्हणजेच चांदी. ती गेली की मागे राहतं ते प्लास्टिक.

त्यात आत्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे फोटो होते. आत्या अजून बोलते.

तर लॅबमध्ये द्यायचा असेल तर एक्सपी२ घ्या, ती ब्लॅक अँड व्हाइट असूनही कलरच्याच रसायनात धुतात. बाकी सगळ्या घरीच.

हायपोवाले_काका (६ मे, सकाळी ६:३०)

हा धागा मुलीने दाखवला. ती टाइप करते आहे, मी सांगतो आहे, तेव्हा चुका तिच्या.

नागपूरच्या महाल भागात आमचा स्टुडिओ होता. ७४ सालापासून मी वडलांच्या हाताखाली होतो. एसी सोडा, डार्करूमला पंखाही नव्हता, कारण पंख्याने धूळ उडते. जिन्याखालची खोली, दाराला दोन काळे पडदे, आत तीन ट्रे आणि एक मोरी. मे महिन्यात वडील उघडे, कमरेला पंचा, त्या लाल उजेडात एखाद्या साधूबाबासारखे दिसत. आणि तुम्हाला सांगतो, लग्नाचा मोसम नेमका तेव्हाच! आपल्याकडे मुहूर्त पाहतात, थर्मामीटर कोणी पाहत नाही.

आम्ही रोज सकाळी बर्फाची लादी आणायचो, भुसा झटकून घमेल्यात फोडायचो आणि त्या घमेल्यात ट्रे ठेवायचो. बर्फ ट्रेच्या बाहेर, आत कधीच नाही. रसायनीसाहेब बरोबर सांगतात. वडील करंगळी बुडवून सांगत, झालं. मी नंतर थर्मामीटर आणून ताडून पाहिलं, एका अंशाच्या आत असायचे. फिक्सरमध्ये तुरटी असायची, जिलेटिन कडक व्हावं म्हणून. दाढीची तुरटी तीच. आता तयार हार्डनर मिळतो म्हणे, पण नव्या फिल्मांना त्याची फारशी गरज पडत नाही.

माझी एक चूक सांगतो, ती गरम पाण्याची नाही, कमी पाण्याची आहे. एका उन्हाळ्यात नळ दिवसाआड होता. लग्नाचे दीडशे प्रिंट, फायबर पेपरचे, म्हणजे पाणी शोषणाऱ्या साध्या कागदाचे. ते तासभर वाहत्या पाण्यात धुवावे लागतात. मी दोन बादल्यांत बुचकळले आणि वाळत घातले. दिसायला झकास. बारा-तेरा वर्षांनी ती बाई अल्बम घेऊन दुकानात आली. काही बोलली नाही, फक्त उघडून काउंटरवर ठेवला. नवऱ्याचा चेहरा पिवळा, कडेने तपकिरी, जणू चहा सांडलेला. तोवर नवरा वारला होता. निगेटिव्ह शोधून नवीन प्रिंट करून दिले, पैसे घेतले नाहीत. पण जे फोटो तिने तेरा वर्षं पाहिले होते ते हे नव्हते.

हायपो, म्हणजे फिक्सर, कागदात राहिला की फोटो आतून सडतो. आज दिसत नाही. एवढंच ध्यानात ठेवा बाई. गार-गरम नंतर बघू.

गोकुळपेठी (६ मे, सकाळी ९:००)

काका, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. धन्यवाद, आणि मुलीलाही. पण आमच्याकडेही पाणी तासभरच येतं. वाहत्या नळाखाली अर्धा तास रोल धुणं माझ्याच्याने होणार नाही, आजी काठी घेऊन येईल.

अंबाझरीचा_बगळा (६ मे, सकाळी ९:२५)

फिल्मला वाहतं पाणी लागतच नाही. इलफर्डचीच पद्धत आहे: टँक भरा, पाच वेळा उलटासुलटा करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा, ओता. पुन्हा भरा, वीस वेळा, ओता. संपलं. एक-दीड लिटरात काम होतं. शेवटी ओल्या फिल्मवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब घातलेल्या पाण्यात अर्धा मिनिट. हे शेवटचं पाणी मात्र बोअरचं घेऊ नका.

(थांबा म्हणणारा मीच होतो, आता मीच शिकवायला लागलो. असो.)

वैनगंगाकाठची (६ मे, दुपारी १२:१०)

तुम्ही सगळे बर्फ अन् फ्रिज करून राहिले. घरात माठ नाही का कोणाकडे?

मी भंडाऱ्याची, पण पाच वर्षं नागपुरात होती शिकायला. होस्टेलमध्ये फ्रिज नव्हता, आम्ही दोघी मैत्रिणी रोल धुवायचो. माठातलं पाणी भर मे मध्ये पंचवीस-सव्वीस राहायचं. रोज तेवढंच. नळाचं पाणी सकाळी तीस, दुपारी चाळीस, पण माठ आपला तिथल्या तिथे. आम्ही तर तक्ताच लिहून भिंतीले लावला होता, माठाचा टाइम म्हणून. डेव्हलपर, फिक्सरच्या बाटल्या रात्रीपासून कूलरच्या टाकीत सोडायच्या, झाकण घट्ट लावून. कूलर चालू असला की त्या टाकीतलं पाणी पण माठासारखंच गार होते. सकाळी सगळं एका तापमानाले. बर्फ नाही, गणित नाही.

रसायनी (६ मे, दुपारी १२:४०)

मी इथे शास्त्र सांगत बसलो आणि वैनगंगाताईंनी माठ काढला. दंडवत.

आणि हे नागपुरातच का जमतं तेही सांगतो. माठातून झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगाला वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. बाहेर ४४ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल तर अशा बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २३ अंशांच्या आसपास उतरू शकतं. माठ त्याच्या जरा वर थांबतो, म्हणून २५-२६. कूलरच्या टाकीचंही तेच. म्हणजे ज्या उकाड्याला आपण शिव्या देतोय तोच उकाडा आपल्याला २५ अंशाचं पाणी फुकट देतोय. एवढंच की पाऊस पडला की खेळ बंद. जुलैत हवा दमट, माठ आळशी. पण तेव्हा नळाचंच पाणी बरंच उतरलेलं असतं.

दादरची_चिमणी (६ मे, दुपारी १:१५)

मुंबईत आमचा माठ म्हणजे मातीचं भांडं, बस. कूलर म्हणजे आणखी एक ओला पंखा. नागपूरकरांचा पहिल्यांदाच हेवा वाटतोय.

तर्री_पोहे (६ मे, दुपारी १:२०)

या न मे मध्ये. हेवा दोन दिवसांत उतरून जाईल.

क्ष_किरण (६ मे, रात्री ८:४५)

मी एक्स-रे विभागात तंत्रज्ञ आहे, म्हणून दोन गोष्टी. एक, वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका. फिल्ममधली न वापरलेली चांदी विरघळून त्यात उतरते, म्हणून तर तो फिक्सर. डबा भरून ठेवा. आमच्याकडे डिजिटल येण्याआधी जुन्या फिल्मा आणि वापरलेला हायपो न्यायला लोक दारात यायचे, चांदी काढायला.

दोन, शिकायचंच असेल तर एक्स-रेच्या फिल्मवर हात बसवा. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल दिव्याखाली डोळ्यांदेखत डेव्हलप होताना पाहता येते. बिस्किटाच्या डब्याला सुईने भोक पाडा, झाला पिनहोल कॅमेरा. एकच अडचण, बहुतेक फिल्मांना दोन्ही बाजूंनी थर असतो, ट्रेच्या तळाला घासली की ओरखडा. ट्रेत तळाशी काच ठेवायची.

पण लक्षात ठेवा, एचपी५ ला लाल दिवा चालत नाही! ती सगळे रंग पाहते. तिला ठार काळोख लागतो. सिनेमात बघून लाल दिवा लावून रोल उघडलेले तीन जण मला माहीत आहेत.

माळ्यावरची_ट्रंक (६ मे, रात्री ८:५५)

चार करा.

तर्री_पोहे (६ मे, रात्री ९:००)

आत्याच्या लग्नाच्या वाढदिवसानंतर??

माळ्यावरची_ट्रंक (६ मे, रात्री ९:०१)

त्यानंतरचा रोल. आत्याला सांगू नका.

गोकुळपेठी (७ मे, सकाळी ७:३०)

काल आयडी-११ कालवलं आणि पन्ह्याच्या रिकाम्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. रात्री आजी उठली, बाटली काढली आणि म्हणाली, "हे पांचट काय केलंस, गूळ विसरलीस का?" वास घेऊनच थांबली, देवाची कृपा.

शाळामास्तर (७ मे, सकाळी ८:००)

ताई, हे हसण्यावारी नेऊ नका. खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन कधीही नाही. डेव्हलपरमध्ये हायड्रोक्विनोन असतं, पोटात गेलं तर विष. त्यातल्याच मेटॉलने काहींच्या हातांना पुरळ उठतं आणि एकदा सुरू झालं की पुन्हा पुन्हा उठतं, तेव्हा हातमोजे घाला. तपकिरी बाटली, वर लाल कागद, वर तारीख, आणि जिथे आजीचा हात पोचत नाही तिथे. फ्रिजमध्ये तर नाहीच. कूलरच्या टाकीतही ठेवायच्या असतील तर बाटलीवर ठळक लिहा.

गोकुळपेठी (७ मे, सकाळी ८:२०)

मान खाली घालून मान्य. तपकिरी बाटल्या आणल्या. आजीला सगळं समजावून सांगितलं, तिने माझ्या हातून पाणी घेणंही बंद केलंय.

अंबाझरीचा_बगळा (७ मे, रात्री १०:००)

आता खरी परीक्षा, रोल टँकमधल्या रिळावर चढवणं. एक वाया गेलेला रोल घ्या आणि आधी उजेडात दहा वेळा, मग डोळे मिटून दहा वेळा, मग अंधारात. प्लास्टिकचं रीळ थोडंही ओलं असलं तर फिल्म मध्येच अडकते आणि मग ना पुढे ना मागे. मे महिन्यातली ओल म्हणजे घाम. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणारी पिशवी) हात घातले की पाच मिनिटांत आत भट्टी. म्हणून रात्री दोन-अडीचला, आधी हात गार पाण्याने धुवून, पूर्ण कोरडे पुसून, खोलीत कूलर पण बाथरूममध्ये नाही. फिल्मचं पुढचं टोक कात्रीने सरळ कापा आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करा. हे गोल करणं कोणी सांगत नाही, अर्धं यश त्यात आहे.

अडकली तर ओढायची नाही. टँकमध्ये ठेवून झाकण लावायचं, दिवा लावायचा, पाणी प्यायचं, शिव्या द्यायच्या, मग परत.

सदाशिव_पुणेकर (८ मे, सकाळी ११:००)

धागा सगळा वाचला. बटणाबद्दलचं विधान मागे घेतो. पण एक शंका: एवढं करून उन्हाळ्यातल्या नागपूरच्या उन्हात फोटो काय येणार? डोळ्यांच्या जागी खड्डे.

हायपोवाले_काका (८ मे, दुपारी ४:१०)

पुणेकरांनी चांगलं विचारलं. सूर्य डोक्यावर असला की मारुतीच्या मूर्तीचाही चेहरा दिसत नाही. मीटर नसलेल्यांसाठी जुना नियम आहे: लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ-१६ आणि शटर फिल्मच्या आकड्याएवढं. म्हणजे ४०० च्या फिल्मला त्याच्या जवळचं, पाचशेचं शटर, सेकंदाचा पाचशेवा भाग. आमच्या वडलांनी यात एक ओळ घातली होती, सावलीतला चेहरा हवा असेल तर दोन घरं उघडा आणि आकाश गेलं तर जाऊ द्या. त्यांना आकाशाचं काही नव्हतं. गिऱ्हाईक आकाशाचे पैसे देत नाही.

तुमचा झेनिट असेल तर सकाळी साडेपाचला फुटाळा तलावावर जा. आठनंतर घरी.

आणि कधी पेपरवर प्रिंट करायला गेलात तर झिरोचा लाल बल्ब विश्वासाने लावू नका. वरचा रंग पातळ असतो, पांढरा उजेड गळतो. पेपरचा तुकडा बल्बखाली ठेवा, वर रुपयाचं नाणं, पाच मिनिटं. मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला की बल्ब खोटा.

इतवारीकर (८ मे, रात्री ९:४०)

काका, तुम्ही निगेटिव्हवर शिसपेन्सिलने रिटचिंग करायचे का? माझ्या आईच्या लग्नाआधीच्या, मुलाकडे पाठवलेल्या फोटोत देवीचे वण नाहीत. खऱ्यात आहेत. बाबा म्हणतात, फसवणूक झाली, पण चाळीस वर्षं संसार करून राहिले.

हायपोवाले_काका (८ मे, रात्री १०:१५)

हो. निगेटिव्हच्या मंद बाजूवर, डोळ्याला भिंग लावून, टोक सुईसारखं करून. वण निगेटिव्हमध्ये उलटा दिसतो, तेव्हा पेन्सिलीने तिथे घनता वाढवायची, मग प्रिंटमध्ये तो उजळतो. गालावर गोल गोल फिरवायची, रेघ मारायची नाही. मुलीकडच्यांना जादा पैसे नव्हते. तुमच्या आईचा फोटो इतवारीतल्या दुकानातला असेल तर आमचा नाही. पण काम चांगलं दिसतंय.

गोकुळपेठी (१९ मे, पहाटे ४:२०)

झोप येत नाहीये, म्हणून आत्ताच लिहिते.

रात्री पावणेदोनला सुरुवात केली. माठाचं पाणी २५. बाटल्या संध्याकाळपासून कूलरमध्ये, त्या २५ आणि २६. तक्त्यावरून साडेआठ मिनिटं ठरवली. रोल चढवायला बत्तीस मिनिटं लागली, त्यातली वीस एकाच जागी. कपाळावरून घाम नाकावर आला आणि मला कळत होतं की तो आता पडणार. पडला. कुठे पडला ते दिसत नाही ना! शेवटी फिल्म पूर्ण मागे काढली, कोपरे पुन्हा कापले, तेव्हा सर्रकन गेली. बगळा, ते कोपरे. तुमचे उपकार.

मग डेव्हलपर. पहिले दहा सेकंद चार वेळा उलटं, टँक फरशीवर आपटून बुडबुडे काढले, मग दर मिनिटाला चार वेळा. मोबाइलवर घड्याळ लावलं होतं, पण मी मोठ्याने आकडे म्हणत होते. डेव्हलपिंग थांबवायला पांढरं व्हिनेगर पातळ करून, तोच स्टॉप, मग फिक्सर. आधी कापलेल्या कोपऱ्यांचे तुकडे फिक्सरमध्ये टाकून पाहिले, दोन मिनिटांत पारदर्शक झाले, म्हणून दुप्पट, चार मिनिटं ठेवलं. मग पाच-दहा-वीस.

झाकण उघडलं. रिळाच्या कडेला काळं काहीतरी. बाहेर ओढलं आणि पहिलं चित्र दिसलं ते आजीचं. कॉटवर झोपलेली, मागे कूलर, आणि निगेटिव्हमध्ये तिचे पांढरे केस काळेभोर. मी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. उठवून दाखवलं. तिने चष्मा लावला, उलट धरला, सुलट धरला आणि म्हणाली, "लग्नात अशीच होते." आणि परत झोपली.

३६ पैकी २९ बरे. सातव्या-आठव्या चौकटीवर अंगठ्याचा ठसा. अकराव्या ते चौदाव्यावर नखाएवढे चंद्रकोरीसारखे काळे डाग. आणि सगळ्या रोलभर बारीक पांढरट ठिपके. हे दोन्ही काय आहेत?

अंबाझरीचा_बगळा (१९ मे, सकाळी ७:००)

अभिनंदन! चंद्रकोर म्हणजे रिळावर अडकलेली फिल्म ओढताना दुमडली ती जागा. चार चौकटींत सलग आहेत ना? ती तुमची वीस मिनिटं. ठिपके बोअरच्या पाण्याच्या क्षाराचे. शेवटचं पाणी कोणतं घेतलं?

गोकुळपेठी (१९ मे, सकाळी ७:१०)

माठातलं. माठात बोअरचंच भरतो की!

रसायनी (१९ मे, सकाळी ७:४०)

माठ गार करतो, क्षार काढत नाही. उलट थोडं पाणी उडून गेल्याने ते किंचित वाढतात. धुवायला माठाचं घ्या, पण शेवटचा एक मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतं. ही फिल्म त्यात पाच मिनिटं भिजवून पुन्हा वाळवा, बरेचसे ठिपके निघतील. आणि कूलरच्या खोलीत वाळवू नका, सगळी धूळ चिकटेल.

वैनगंगाकाठची (१९ मे, सकाळी ८:३०)

मले तो आजीचा फोटो पाहायचा आहे. स्कॅन नको, पेपरवरचा.

हायपोवाले_काका (१९ मे, सकाळी ९:००)

पेपर माझ्याकडे पडून आहे, जुना इंदूचा. उटीच्या कारखान्यातला, आता तो कारखानाही नाही. धुकटलेला असेल, पण डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइडची चिमूट टाकली की थोडा सुधारतो. निगेटिव्ह मोठं करून पेपरवर पाडतो त्या एनलार्जरचा बल्ब चालू आहे. आरसीचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, नवीन पेपर तुम्ही आणा, जुन्यावर आधी हात साफ करू. मुलगी निरोप पाठवेल. सकाळी या, दुपारी नाही. आणि तास दोन तास धुवायची तयारी ठेवा.

गोकुळपेठी (१९ मे, सकाळी ९:०५)

येते काका. पाणी माझ्याकडून आणू का?

हायपोवाले_काका (१९ मे, सकाळी ९:२०)

आणा. आमच्याकडे आज नळ नाही.

तर्री_पोहे (१९ मे, सकाळी ९:२२)

जाताना महालातले पोहे घेऊन जा, काकांना. तर्री वेगळ्या डब्यात. डब्यावर ठळक लिहा.